मथुराकाकीचा रांजण

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मथुराकाकी आधी एकच विचारायची, "जाल कुटं लावता?" पाणी नको, खुर्ची नको, पंखा नको. घरात विस्तव कुठे पेटतो तेवढं दाखवा. शांतीनगरमधल्या आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा आईने तिला ओट्यावरची गॅसची शेगडी दाखवली. काकीने वाकून नळी पाहिली, नळी ज्या भिंतीत शिरत होती ती भिंत पाहिली आणि म्हणाली, "आनि ह्यो पाईप कोनी बंद केला त?"

आई म्हणाली, "मग ऑफिसला फोन करायचा."

काकी कमरेवर हात ठेवून हसायला लागली. दातांना लावलेली मशेरी ओठांच्या कडेला दिसत होती. "शांतीनगर," ती मला म्हणाली, "तुज्या आयशीची चूल फोनवर पेटतं गो!"

माझं नाव तिला ठाऊक होतं, पण ते तिने कधी वापरलं नाही. माणूस जिथे राहतो ते त्याचं नाव, असा तिचा हिशेब. मी शांतीनगर. तिला औषधं आणून देणारी नर्स सिल्व्हर पार्क. तिच्या मुलांच्या बिल्डिंगचा वॉचमन बिहारचा, म्हणून तो बिहार. "ए बिहार, तुजा जेवान झाला काय?" असं ती त्याला तिच्या आगरी बोलीत विचारायची, तो "हाँ माताजी, हो गया" म्हणायचा, आणि दोघांचं तासन् तास चालायचं. ती स्वतः राईची. खाडीकाठच्या राई गावाची. आणि एकदा ती मला म्हणाली होती की ज्याचं गावच बिल्डिंगीखाली गेलं, त्याला कशाने हाक मारायची ते तिला माहीत नाही.

आमची ओळख पत्रकामुळे झाली. माझे बाबा पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची, आणि मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ वाचता येण्याच्या आधी वाचता येत होते. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहायला लागले. खाडीत भराव घालून, तिवरांची झाडं तोडून, भातशेती गिळून जे चाललं होतं त्याविरुद्ध आम्ही काही पोरापोरींनी एक पत्रक काढलं आणि राईत घरोघर वाटायला गेलो. एका घराच्या पडवीत ही बाई चुलीपुढे बसली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, नाकात मोठी नथनी. मी पत्रक पुढे केलं. तिने हातातला गठ्ठाच मागून घेतला, वरचे चार कागद चुरगाळले आणि चुलीत सारले.

"चांगला पेटतंय," ती म्हणाली. "शाई कमी हाय."

माझा चेहरा पाहून तिने एक कागद बाजूला काढला. "बरा, वाच. आयकते."

मी वाचलं. चांगलं ठासून वाचलं. ‘शेतकऱ्यांनो, मच्छीमारांनो, मिठागर कामगारांनो’पासून शेवटच्या घोषणेपर्यंत. ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. वाचून झालं तेव्हा तिने विचारलं, "याच्यात मथुरा हाय?"

"म्हंजे?"

"माजा नाव. हाय का?"

"नाही काकी, हे सगळ्यांसाठी आहे."

"मंग माजी जमीन तुमी कशी वाचवनार? तुमाला मी म्हाईत न्हाय." आणि लगेच, "चा पितेस ना?"

मी चहा प्यायले. पुढे कित्येक दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर मी जे काही लिहिलं त्यात माणसांची नावं घालायला लागले. काकीची जमीन मात्र त्यानेही वाचली नाही.

त्या जमिनीबद्दल सांगायला हवं, आणि ते पोपटीशिवाय सांगता येणार नाही.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आगरी माणूस पोपटी लावतो. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा रानपाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब आत घालायचा नाही, पाला आणि शेंगा आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतात. राईतल्या त्यांच्या भावकीची पोपटी वर्षानुवर्षं काकी लावायची. जाळ किती, केव्हा ओढायचा, केव्हा वाढवायचा, हे तिचं काम. झाली की नाही ते बघायला ती ओंजळीत पाणी घेऊन मडक्याच्या पाठीवर शिंपडायची. नुसती वाफ आली तर थांबायचं. चर्र वाजलं की झाली.

पण काकीच्या पोपटीची खरी गोष्ट पुढे होती. मडकं फोडलं की सगळं एका चटईवर पसरलेल्या केळीच्या पानांवर ओतायचं. एकच ढीग. ताट नाही, वाटी नाही, वाढणं नाही. भोवती बसायचं आणि हाताने ओढून खायचं. आणि त्यांच्या भावकीत असा रिवाज होता की ज्यांचं भांडण असेल त्यांना काकी शेजारी बसवायची, मांडीला मांडी लावून. न येणं म्हणजे नातं संपलं असं जाहीर करणं. म्हणून सगळे येत. मी पाहिलेल्या पहिल्या पोपटीला दोन जावा होत्या, वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या. काकीने दोघींच्या मध्ये एकच मोठं अंडं ठेवलं आणि दुसरीकडे बघत बसली. बराच वेळ कुणी हात लावला नाही. मग थोरली पुटपुटली, "घे, थंड होतंय." धाकटीने ते फोडलं आणि अर्धं तिच्यापुढे सरकवलं. काकीने बघितलंही नाही. मला कोपराने ढोसलं मात्र.

"भाषान न्हाय दिला," ती माझ्या कानात म्हणाली. "बघितलंस?"

ही पोपटी लागायची ती बांधाकडच्या पट्टीवर. सगळी शेती गेल्यावरही एवढा एक तुकडा राहिला होता. वाल तिथलाच, भांबुर्डाही तिथल्याच बांधावरचा. काकीला दोन मुलगे. थोरला कमलाकर, धाकटा हरेश. कमलाकर बिल्डरच्या ऑफिसात उठबस करणारा, गळ्यात चेन, बोलताना सारखं "बघा ना साहेब" म्हणणारा. हरेश बांधकामाला रेती-सिमेंट पुरवायचा. म्हणजे दोघंही त्याच यंत्राला तेल घालत होते ज्याने त्यांचं गाव भरडलं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय. हरेश हसला होता. "मग आम्ही काय कोलंबी विकू? खाडीत आता फक्त पिशव्या मिळतात." त्याचंही खोटं नव्हतं. यातलं सगळ्यात घाण हेच आहे की कुणाचंच पूर्ण खोटं नसतं, आणि शेवटी जमीन मात्र पूर्ण जाते.

ती पट्टी कमलाकरने हरेशला न विचारता बिल्डरला देऊन टाकली. काकीलाही विचारलं नाही. एका सकाळी ती वालाला पाणी घालायला गेली तर पत्र्याचं कुंपण उभं होतं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. पुढे तिथे जी बिल्डिंग झाली तिच्यातच दोघांना फ्लॅट मिळाले. थोरल्याला वरच्या मजल्यावर, खाडीच्या बाजूचा. धाकट्याला त्याच्या खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूचा. आणि आई एक महिना वर, एक महिना खाली. बोचकं घेऊन लिफ्टमधून.

फ्लॅट दाखवायला ती मला घेऊन गेली होती. तिची एक जुनी सवय होती. कुठल्याही जमिनीवर उभी राहिली की ती टाच आपटून बघायची. ओल किती आहे, खाली दगड आहे की चिखल, हे तिला टाचेतून कळायचं. हरेशच्या हॉलमध्ये चकचकीत लाद्यांवर तिने टाच आपटली, थांबली, पुन्हा आपटली.

"पोकल हाय," ती म्हणाली. "खाली कोनीतरी रातंय."

त्यानंतर पोपटी लागली नाही. लावायला भुई नव्हती. रस्त्याकडेला एकदा लावायला घेतली तेव्हा बिल्डिंगच्या माणसांनी जाळ विझवायला लावला. हिवाळे यायचे आणि जायचे. भावकीतली माणसं फोनवर एकमेकांना सकाळची फुलं पाठवायची, आणि काकीचे दोन मुलगे एकाच लिफ्टमध्ये समोरासमोर आले तर एक बाहेर थांबायचा.

मग सिरॅमिकचा बार्बेक्यू आला, म्हणजे कोळशावर मांस भाजायची बंद शेगडी; ते डोकं हरेशचं. कुठल्याशा बिल्डरच्या फार्महाउसवर त्याने तो पाहिला होता. हिरवागार, अंड्यासारखा, कमरेच्या वर येणारा, जाड भिंतीचा, वर बिजागरीचं झाकण. विस्तव आतल्या आत, जमिनीला धग नाही, धूर वरच्या भोकातून. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा काकी कितीतरी वेळ तो बोटाने मोठा करून बघत राहिली.

"मातीचा हाय?"

"मातीचाच गं. भाजलेला. जाडजूड."

"मंग ह्यो रांजनच झाला की. याच्यात लागंल पोपटी?"

"लागेल ना. टेरेसवर."

काकीच्या तोंडावर त्या दिवशी जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. तिने अट घातली. रांजण दोघांनी मिळून आणायचा आणि दोघांनीच चढवायचा. हमाल नको. आणि पोपटीला दोघांनी बसायचं. हरेशने मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "त्याला तू सांग." तिने वर जाऊन त्याला सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. खाली आली तेव्हा डोळे लाल होते आणि पदर खोचलेला होता. "येतंय बोल्ला."

सोसायटीची परवानगी हा एक वेगळाच तमाशा झाला. काकी आधी स्वतः सेक्रेटरीकडे गेली. "वर चूल लावू काय?" त्याने जवळजवळ हाकलून दिलं. टेरेसवर चूल? धूर? गावठीपणा? हरेश गेला आणि म्हणाला, "साहेब, बार्बेक्यू आहे." साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा! आधी सांगायचं ना. करा, करा. दिवेलागणीपर्यंत आटपा फक्त." तोच विस्तव, त्याच शेंगा, तीच बाई. गरिबाने पेटवला तर धूर आणि पैसेवाल्याने पेटवला तर वीकेंड. याच्यावर मी पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पूर्ण झालं नाही.

टेम्पो आला तेव्हा मी तिथेच होते. लाकडी फळ्यांच्या पेटीतून तो निघाला तेव्हा आजूबाजूच्या बायका गॅलरीत आल्या. वॉचमनने एकदा उचलून बघितलं आणि कमरेला हात लावला. "माताजी, चार आदमी बुला दूँ?"

"नको बिहार. माजे दोन हायत."

दोन होते. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये रांजण. हरेशने झाकण सुटं करून आधीच वर नेलं होतं. आता मुख्य पोट राहिलं होतं. तो आईकडे बघून म्हणाला, "आई, त्याला सांग, बिजागरीला धरू नको. खालच्या भोकात हात घाल."

काकी वळली. "कमला, बिजागरीला धरू नको बोलतंय."

"कळतंय मला. त्याला सांग, स्वतः नीट धर."

"हऱ्या, नीट धर बोलतंय."

"आई, त्याला सांग, आधी एकत्र उचलू. एक, दोन, तीन."

"मना काय सांगतंस? मी काय टपालवाली हाय? उचला!"

उचलला. लिफ्टमध्ये ते तिघं मावले, दोन भाऊ आणि रांजण. बाहेर काकी दरवाजा बंद होईस्तोवर वाकून बघत होती, जणू आत लग्न लागत होतं. मी जिन्याने धावले. शेवटच्या मजल्यावरून टेरेसपर्यंत लिफ्ट जात नव्हती, एवढा एक जिना हातांनी चढायचा होता. कमलाकर वरच्या बाजूला, उलटा चढत. हरेश खाली, सगळं वजन छातीवर. घामाने दोघांचे शर्ट अंगाला चिकटले. वळणावर कमलाकरचा पाय निसटला, रांजण कलला, पायरीच्या कडेला लागला आणि हरेशच्या अंगावर यायला लागला. तेव्हा कमलाकर ओरडला, "हऱ्या, सोड! बाजूला हो, मी धरतो! सोड बोलतो ना!"

हरेशने सोडला नाही. "दादा, तू पाय टेकव आधी. आहे माझ्याकडे. आहे."

दोघं तसेच थांबले, रांजणाला मिठी मारल्यासारखे, धापा टाकत. काकी खालच्या पायरीवर पोचली होती. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं. हऱ्या. दादा. मधे कुणी टपालवाली नव्हती.

वर नेऊन रांजण त्याच्या लोखंडी स्टँडवर बसवला. हरेशने मोबाईलवरचा व्हिडिओ बघून आईला समजावलं. कोळसा इथे, हवेचं दार खाली, वरचं भोक एवढंच उघडं ठेवायचं, आच हळूहळू वाढवायची. ती मान हलवत होती. पाणी लावू नका, असं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं नाही. हरेशनेही सांगितलं नाही. कुणी त्याच्यात पाणी ओतेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

पण काकीच्या घरात नवं मडकं कधी कोरडं विस्तवावर गेलं नव्हतं. नवी माती तहानलेली असते असं ती म्हणायची. तिला आधी पोटभर पाणी पाजायचं, मग आतून भाताची पेज चोळायची, म्हणजे ती तडकत नाही. तिच्या सासूने तिला तसं शिकवलं होतं आणि तिने सुनांना. मुलगे खाली गेले, आणि तिने टेरेसच्या नळावरून बादल्या भरून रांजण काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी मी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन वर गेले तोवर ते पाणी तिने उपसून टाकलं होतं आणि आत हात घालून, लहान पोराला न्हाऊ घालावं तशी, ती पेज चोळत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती मडक्यांची बाई होती.

"पी रे, पी," ती रांजणाला म्हणत होती. "उद्या तुना लय काम हाय."

पोपटीच्या दिवशी भावकी आली. कमी आली, पण आली. भांबुर्डा तिने उत्तनकडच्या ओळखीच्या बाईकडून मागवला होता. कमलाकर बायको-पोरींसह आला आणि कठड्याशी उभा राहिला. हरेश विस्तवाशी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकदा कमलाकरने न बोलता माचिस पुढे केली आणि हरेशने घेतली. काकी ते बघून लगेच पाला निवडायला लागली, जणू तिने काही पाहिलंच नाही.

कोळसा पेटला. झाकणाच्या भोकातून धुराची बारीक रेघ यायला लागली. काकीला ते पटेना.

"ह्यो काय जाल हाय? ह्यो त नुसता लाजतंय!"

"आई, हळूहळूच वाढवायची असते."

"पोपटी हळूहळू न्हाय लागत. उन बघ कुटं गेला. साहेबाला दिवेलागनीला विजवाचा हाय." आणि तिने करवंट्या आणि सुकी लाकडं आत ढकलली, खालचं दार सताड उघडलं. आता आत खरा जाळ झाला, घूं घूं आवाज करणारा. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "आता आली काकी!" जाळ बसला तशी तिने निखाऱ्यांवर जाळी टाकली, पाला अंथरला, शेंगा, अंडी, कोंबडी रचली, पुन्हा पाला, झाकण. चटई पसरली, केळीची पानं मांडली. कमलाकरला म्हणाली, "तू इथं बस." हरेशला म्हणाली, "तू इथं." दोन्ही जागा एकमेकींना चिकटून होत्या. कमलाकर क्षणभर थांबला आणि बसला. हरेश बसला. मांडीला मांडी.

काकीने ओंजळीत पाणी घेतलं. ती रांजणाजवळ गेली, आणि जन्मभर केलं तसं तिने ते त्याच्या तापलेल्या पाठीवर शिंपडलं.

चर्र वाजलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला, छोटा, काचेचा ग्लास गरम चहाने तडकावा तसा. हिरव्या पोटावर वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटली. रेघेतून धूर यायला लागला. मग आत काहीतरी धाडकन कोसळलं.

हरेशने झाकण उघडलं. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन आतली भिंत पापुद्र्यांनी सुटून खाली आली होती. शेंगांत, पाल्यात, फुटलेल्या अंड्यांत सगळीकडे भाजलेल्या मातीचे धारदार तुकडे.

पहिलं कोण बोललं ते मला आठवतं. कमलाकर. "स्वस्तातला माल आणला असणार. फसवायची सवय रेतीवाल्यांना."

हरेश उठला. "माल? जिन्यात तूच आपटलास. पायरीवर. सगळ्यांनी बघितलंय."

"मी आपटला? मी नसतो तर तू आज हॉस्पिटलात असतास."

"तू नसतास तर आज आपण शेतावर असतो!"

"मी पानी घातला," काकी म्हणाली. "आयका. मी भिजवला त्याला. माजी चूक हाय. नवा मडका म्हनून मी भिजवला."

कुणी ऐकलं नाही. ती मोठ्याने म्हणाली. मग दोघांच्या मधे जाऊन, दोघांच्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "कमला, मी! हऱ्या, मी पानी घातला रे!" कमलाकरने तिचा हात बाजूला केला. "तू त्याला पाठीशी घालू नकोस आई." हरेश म्हणाला, "बघ, तुला खोटं बोलायला लावतोय तो." त्यांना आईची चूक नको होती. तिचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांना एकमेकांची हवी होती, आणि ती आता त्यांना मिळाली होती, हिरवी, तडकलेली, सगळ्या भावकीदेखत. ज्या पायरीवर ते एकदा बोलले होते तीच पायरी त्यांनी उचलून एकमेकांवर फेकली.

माणसं उतरायला लागली. बायकांनी पोरांना चपला घालायला लावल्या. काकीने जाळीवरचं सगळं केळीच्या पानांवर ओतलं आणि ढिगापुढे बसली. शेंग उचलायची, उलगडायची, बोटाने चाचपायची, तुकडा काढून बाजूला टाकायचा. "जाऊ नका," ती म्हणत होती. "बसा. मी निवडते ना. जराशा निवडते, मंग खाऊ." तिच्या बोटातून रक्त येत होतं. मी तिच्यासमोर बसून निवडायला लागले. टेरेस रिकामी झाली तरी ती जिन्याच्या दाराकडे बघून म्हणत होती, "झालाच. झालाच."

रांजण तिथेच राहिला. उतरवायचा कुणी? कमलाकर म्हणे, ज्याने आणला त्याने न्यावा. हरेश म्हणे, ज्याने आपटला त्याने. मी बाबांना विचारलं, यावर काय लिहायचं? ते म्हणाले, "यात मागणी कुणाकडे करणार?" आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

काकी पुढच्या पावसाळ्यात गेली. मी भेटायला गेले तेव्हा एका मजल्यावर सतरंजी घातलेली होती आणि दुसऱ्या मजल्यावर वेगळी. दोन्हीकडे तिचा तोच फोटो. मी दोन्हीकडे बसले, दोन्हीकडे पाणी प्यायले.

पण मला ती दिसते ती त्याच्या आधीची, पाऊस यायच्या सुमाराची. टेरेसवर पत्रे घालायचे म्हणून सेक्रेटरीने रांजण हलवायला सांगितलं होतं. काकीने वॉचमनच्या फोनवरून मला बोलावलं. "शांतीनगर, मानसं घेऊन ये." मी भाईंदरच्या बाजारातून हमाल आणले. त्यांनी दोर बांधून तो खाली पार्किंगमध्ये आणला आणि वाटेतच ठेवून ते गेले, कारण भंगारवाला येतच होता. तो आला. त्याने लोखंडी स्टँड उचलला, जाळी उचलली, बिजागरी आणि पट्टे पान्याने सोडवले. रांजणाला पायाने ढोसलं आणि सोडून दिलं.

"आनि ह्यो?" काकीने विचारलं.

"ये तो मिट्टी है, अम्मा. मिट्टी कौन लेता है?"

काकीने रांजणाच्या तुटक्या काठावरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाली, "आमची त घेतली."

त्याला कळलं नाही. तो हातगाडी ढकलत गेला. आम्ही दोघी आणि ते फुटकं हिरवं पोट तेवढं राहिलं. तेवढ्यात गेटमधून गाडी आत आली. कमलाकरची. रांजण वाटेत होता. त्याने हॉर्न वाजवला. काच वर होती, आत तो फोनवर बोलत होता. त्याने परत वाजवला. आवाजाने हरेश गॅलरीत आला, त्याने खाली पाहिलं आणि तो आत गेला. दार लागल्याचा आवाज आला.

काकीने पदर खोचला आणि दोन्ही तळवे रांजणाला लावले. मी दुसऱ्या बाजूने लावले. तिने टाच लादीवर रोवली, ती घसरली, तिने पुन्हा रोवली. रांजण हलला नाही. मागून हॉर्न वाजत होता, आणि ती गाडीकडे न बघता मला म्हणाली, "जोर लाव गो. त्याला उशीर होतंय."